आधी कान, मग आवाज

सह्याद्रीत दोन माणसं हातात हँडी, म्हणजे हातातला वायरलेस, घेऊन दोन किलोमीटरवर उभी आहेत. मध्ये डोंगराची एक सोंड आली की त्यांचं बोलणं संपलं. व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. कड्याच्या धारेवर थोड्या वाकतात, पण कातळातून आरपार जात नाहीत. एरवी मोबाइल आहे म्हणून हे जाणवत नाही. अतिवृष्टीत आधी वीज जाते, मग टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात, कुठेतरी दरडीखाली फायबर तुटते, आणि जिथे मदत हवी असते नेमकी तीच दरी मुकी होते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, तेव्हा नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, म्हणून जगाला कळलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. बचाव पथकं पावसात चालत चढली.

अशा ठिकाणी एका माणसाच्या पाठीवरून वर नेता येईल असा रिपीटर असावा, यासाठी आम्ही काही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, मित्र बरीच वर्षं धडपडतो आहोत. रिपीटर म्हणजे उंचावर बसलेला मध्यस्थ. एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर तेच बोलतो. दरीतल्या माणसाला डोंगरापलीकडचा माणूस दिसत नसला तरी दोघांनाही रिपीटर दिसतो, एवढ्यावर सगळं काम चालतं. पक्क्या इमारतीत, पक्क्या विजेवर चालणारा रिपीटर हॅम लोकांना नवा नाही. तोच पाठीवर घ्यायचा म्हटलं की प्रत्येक गोष्ट मुळापासून बदलते. त्यात जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे.

१. माथा सोडा, माची धरा

नकाशा उघडला की बोट आपोआप सर्वांत उंच शिखरावर जातं. हिशेबही त्याच बाजूचा असतो. उंचीच्या मीटरचं वर्गमूळ काढायचं, ४.१२ ने गुणायचं, आणि येतील तेवढ्या किलोमीटरवर रेडिओचं क्षितिज धरायचं. भोवतालच्या सपाटीपासून १००० मीटर वर उभं राहिलं तर हे क्षितिज १३० किलोमीटरवर जातं. पण सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. कडा, मग झाडीचा पदर, मग पुन्हा कडा. माथ्यावरून लांबचं शहर दिसतं आणि पायाखालच्या पदरातली वाडी दिसत नाही. मदतकार्य तर त्या वाडीत चाललेलं असतं.

म्हणून आम्ही जागा निवडताना दोनच प्रश्न विचारतो. इथून दुर्घटनेची जागा दिसते का? आणि इथून गाडीरस्त्याचं शेवटचं टोक दिसतं का, जिथे रुग्णवाहिका आणि अधिकारी थांबलेले असतील? दोन्हींना होकार देणारी ३०० मीटर उंचीची सोंड १००० मीटरच्या शिखरापेक्षा कधीही सरस. ३०० मीटरवरूनही क्षितिज ७० किलोमीटरवर असतं. आपल्याला त्यातले पाच-दहाच हवे असतात. शिवाय शिखरावर पोचायला लागणारे जास्तीचे दोन तास वाचतात, आणि त्या वेळी दोन तास फार मोठे असतात.

उंचीचे नकाशे आणि सिग्नलचा अंदाज देणारी सॉफ्टवेअर आता फुकट मिळतात. ती घरी बसून जरूर वापरावीत. पण गावात पोचल्यावर गुराख्याला विचारावं, ‘दादा, वाडी आणि डांबरी दोन्ही एकाच जागेवरून कुठून दिसतात?’ करवंदीची जाळी कुठे आहे, ढग उतरल्यावर कोणती वाट सापडते आणि कोणती चकवते, हे त्यालाच ठाऊक असतं.

२. वॅट वाढवून दरी मोठी होत नाही

पोर्टेबल रिपीटर म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती वॅटचा?’ या प्रश्नाने रचनेची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. दरीतल्या माणसाच्या हातात ५ वॅटची हँडी असते. तिची रबरी अँटेना आखूड, वर पावसाचं जॅकेट, आणि ती कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली. प्रत्यक्षात हवेत जाते ती शक्ती त्या ५ वॅटपेक्षा बरीच कमी. येण्याचा आणि जाण्याचा मार्ग तोच, वाटेतला ऱ्हास तोच. रिपीटर ४० वॅटचा केला तर त्याचा आवाज दूरच्या तालुक्यात घुमेल, पण त्या तालुक्यातल्या हँडीचं बोलणं रिपीटरला ऐकूच येणार नाही. माणूस बटण दाबत राहतो, बोलत राहतो, आणि त्याला वाटतं आपल्याला कोणी उत्तर देत नाही. संकटात हे फार वाईट.

आम्ही १० वॅटवर थांबलो आणि पुष्कळदा ५ वरच चालवतो. वाचलेलं वजन आणि वाचलेले पैसे रिपीटरच्या कानात घातले. चांगला रिसीव्हर, कमी ऱ्हासाची केबल, नीट जुळवलेली अँटेना आणि ती दोन मीटर अधिक उंच. पेटीत कुठलाही बदल करायचा असला की आम्ही एकच विचारतो, याने दरीतला अशक्त आवाज अधिक चांगला ऐकू येईल का? उत्तर ‘नाही’ आलं तर तो बदल बाजूला ठेवतो.

३. ६०० किलोहर्ट्झचा घाट

सगळ्यात अवघड चढण इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

भारतात हॅमना दोन मीटरच्या पट्ट्यात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढी जागा आहे. रिपीटरची ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रीक्वेन्सी यांत प्रघाताप्रमाणे ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. रिपीटर १० वॅट बाहेर टाकतो आणि त्याच वेळी पाव मायक्रोव्होल्टचा इशारा ऐकायला बघतो. या दोन शक्तींमधला फरक १६० डेसिबलच्या आसपास, म्हणजे १ वर सोळा शून्यं. तेही एकाच पेटीत, एकाच अँटेनावर, एकाच क्षणी. ढोल-ताशा पथकाच्या मधोमध उभं राहून समोरच्या गॅलरीतल्या आजीची कुजबुज टिपायची, असा हा प्रकार आहे.

यात इजा दोन तऱ्हेने होते, आणि दोन्ही वेगळ्या ओळखल्याशिवाय उपाय सापडत नाही. एक, प्रक्षेपकाची जोरदार लहर रिसीव्हरच्या पुढच्या टप्प्याला दाबून टाकते. ती अडवायला रिसीव्हरच्या वाटेत गाळणी लागते. दुसरी, प्रक्षेपक आपल्या फ्रीक्वेन्सीच्या आजूबाजूलाही थोडी खरखर सांडतो. त्यातली काही नेमकी आपल्या ऐकण्याच्या फ्रीक्वेन्सीवर पडते. ती एकदा तिथे पडली की रिसीव्हरच्या बाजूला कितीही गाळणी लावा, निघत नाही. ती प्रक्षेपकाच्याच वाटेत गाळावी लागते. म्हणून डुप्लेक्सरला, म्हणजे एकाच अँटेनावर ऐकणं आणि बोलणं वेगळं ठेवणाऱ्या गाळणीला, दोन्ही अंगं असतात. ६०० किलोहर्ट्झसाठी प्रत्येक अंगाने ७५ ते ८५ डेसिबलचा अडथळा द्यायला हवा.

एवढा अडथळा देणाऱ्या कॅव्हिटी, म्हणजे डुप्लेक्सरमधली पोकळ धातूची नळकांडी, मोठ्या असतात. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर, तिचा पाव भाग अर्ध्या मीटरहून किंचित अधिक. कॅव्हिटीची उंची त्यावरून ठरते, आणि अशा चार किंवा सहा लागतात. पक्क्या रिपीटरच्या खोलीत त्या भिंतीला शोभतात. खिंडीतून पाठीवर नेताना त्यांनी माणसाची पाठ मोडते, आणि वाटेत आदळल्या की त्यांची जुळणी हलते.

बाजारात वहीच्या आकाराचे सहा कॅव्हिटीचे चपटे डुप्लेक्सर स्वस्तात मिळतात. विकणारा ‘व्हीएचएफ रिपीटरसाठी’ एवढंच सांगतो. ते मुख्यतः ५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या अंतरासाठी केलेले असतात. ६०० किलोहर्ट्झवर ओढून जुळवायला गेलं की अडथळा पुरेसा मिळत नाही आणि हवा तो इशाराही अडतो. घेण्याआधी अंतर विचारून घ्यावं. यूएचएफवर जाऊन ५ मेगाहर्ट्झचं तयार अंतर वापरू म्हणावं, तर आपल्याकडे हॅमना ४३४ ते ४३८ एवढाच पट्टा आहे. एकूण रुंदीच ४ मेगाहर्ट्झ. परदेशातले आराखडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, त्याचं हे मोठं कारण.

मग दोन अँटेना लांब लांब लावल्या तर? आडव्या अंतरापेक्षा उभं अंतर फार अधिक उपयोगी पडतं. एकाच काठीवर एकीखाली एक, मध्ये सहा मीटर ठेवले तर साधारण ४६ डेसिबल मिळतात. आडवं अंतर शंभर मीटर ठेवलं तरी पंचावन्नच्या आसपास. केवळ उभ्या अंतराने ८० गाठायचे म्हटले तर चाळीस मीटर उंच काठी हवी. कड्याची धार असेल तर हे जमतं. एक अँटेना वर, एक कड्याखाली दोरावर. एरवी थोडं उभं अंतर आणि प्रत्येक बाजूला एखादी कॅव्हिटी, अशी सांगड घालावी लागते.

४. दोन पट्टे वापरा

इतका घाट चढल्यावर आमचं मत असं झालं की पाठीवरच्या रिपीटरने ६०० किलोहर्ट्झच्या वाटेला जाऊच नये. ऐकायचं १४५ वर आणि बोलायचं ४३५ वर, किंवा उलट. दोन फ्रीक्वेन्सींत इतकं अंतर असलं की मोठ्या कॅव्हिटींची गरजच संपते आणि मुठीत मावणारा डायप्लेक्सर पुरतो. पेटीचं वजन निम्म्याहून खाली येतं.

ही कल्पना भारतीय हॅमना परकी नाही. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ ने ‘हॅमसॅट’ हा उपग्रह कक्षेत सोडला. तो ४३५ च्या पट्ट्यात ऐकायचा आणि १४५ च्या पट्ट्यात बोलायचा. रचना वेगळी होती, पण दोन पट्ट्यांचं तत्त्व तेच. तो २०१४ पर्यंत चालला आणि हातातल्या साध्या अँटेनांनी आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्यावरून संभाषणं केली.

इथे एक खड्डा मात्र आहे. १४५ ची तिप्पट ४३५. व्हीएचएफवर बोलणाऱ्या प्रक्षेपकाचा तिसरा हार्मोनिक थेट आपल्याच यूएचएफच्या पट्ट्यात पडतो. बोलण्याची फ्रीक्वेन्सी १४५.२०० ठेवली तर ४३५.६०० वर ऐकायचं नाही, आणि त्याच्या आजूबाजूलाही नाही. फ्रीक्वेन्सी ठरवताना हा गुणाकार आधी कागदावर करावा. आम्ही शक्यतो ऐकणं व्हीएचएफवर ठेवतो. दरीतून वर येणारी अशक्त लहर झाडी आणि कडे ओलांडताना व्हीएचएफवर जास्त तग धरते, आणि हार्मोनिकचा प्रश्नही उरत नाही.

तोटाही सांगायला हवा. प्रत्येकाकडे दोन पट्ट्यांची हँडी हवी आणि तिच्या मेमरीत पाठवायची व ऐकायची फ्रीक्वेन्सी वेगवेगळी भरलेली हवी. हे घरी करून ठेवायचं काम आहे. पावसात, अंधारात, ओल्या बोटांनी ते होत नाही. गाडीत बसवायच्या काही दोन पट्ट्यांच्या रिगमध्ये, म्हणजे वायरलेस संचांमध्ये, क्रॉसबँडची (एका पट्ट्यावर ऐकून दुसऱ्यावर बोलण्याची) सोय तयारच असते. ती एका दरीतल्या व्हीएचएफवाल्यांना पलीकडच्या यूएचएफवाल्यांशी छान जोडते. पण दोन वेगळ्या सोंडांआड बसलेले दोन व्हीएचएफवाले तिच्यामुळे एकमेकांना ऐकू शकत नाहीत. आपल्याला कोण कोणाशी जोडायचं आहे, हे आधी ठरवून मग रिग घ्यावा.

५. पहिल्या तासाला पॅरट

एक रिग, एक छोटी रेकॉर्डिंगची पट्टी, एकच फ्रीक्वेन्सी. ऐकलेलं अर्धं मिनिट साठवायचं आणि लगेच पुन्हा प्रक्षेपित करायचं. याला पॅरट म्हणतात. प्रत्येक निरोपाला दुप्पट वेळ लागतो, गर्दीच्या नेटवर, म्हणजे अनेकजण जोडलेल्या रेडिओ-संभाषणात, तो त्रासदायक होतो, म्हणून पुष्कळ हॅम त्याला हसतात. माझं मत वेगळं आहे. पॅरट दोन किलोच्या आत बसतो आणि सगळ्यात चपळ माणूस तो घेऊन एका दमात सोंडेवर पोचतो. मोठी पेटी मागून येईपर्यंत दरीचा बाहेरच्या जगाशी संबंध जुळलेला असतो. आमच्या संचात दोन्ही असतात आणि चढायचा क्रम ठरलेला असतो, आधी पॅरट, मग पेटी.

६. आतली वायर बाहेरच्या वायरइतकीच महत्त्वाची

आरजी-५८ केबल सगळीकडे मिळते, स्वस्त आहे, हलकी आहे. दहा मीटर लांबीवर १४५ मेगाहर्ट्झला ती साधारण २ डेसिबल खाते. ४३५ ला निम्म्याहून अधिक शक्ती तिच्यातच जिरते. ऐकतानाही तेवढंच नुकसान होतं, आणि कानाचं नुकसान वॅट वाढवून भरून निघत नाही. म्हणून शक्य तिथे पेटीच अँटेनाच्या पायाशी आणायची आणि केबल आखूड ठेवायची.

पेटीच्या आत तर आरजी-५८ नकोच. तिची एकेरी जाळी गळते. डुप्लेक्सर वापरला असेल तर त्याने कष्टाने मिळवलेले ऐंशी डेसिबल अर्ध्या फुटाच्या गळक्या वायरीतून वाहून जातात. दुहेरी जाळीची आरजी-२२३ किंवा आरजी-४०० वापरावी. कनेक्टर एन प्रकारचे असावेत. पीएल-२५९ मध्ये पाणी शिरतं आणि ते कळायला उशीर होतो. हा सगळा माल मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास शोधला तर मिळतो. दुकानदाराच्या शब्दावर न जाता केबलवरचं छापील नाव वाचून घ्यावं.

७. विजेचा हिशेब वजनात करा

आमच्या पेटीत दोन रिग आणि कंट्रोलर नुसते ऐकत बसले तरी सुमारे पाऊण अँपिअर घेतात. १० वॅटवर बोलताना त्यात चारेक अँपिअरची भर पडते. वेळेचा एक तृतीयांश भाग बोलण्यात जातो असं धरलं तर सरासरी २ अँपिअर, म्हणजे दिवसरात्रीला ४८ अँपिअर-अवर. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढू नये म्हटलं तर शंभराची बॅटरी लागते. ती जवळपास तीस किलोची. तेवढंच काम लिथियम आयर्न फॉस्फेटची साठ अँपिअर-अवरची बॅटरी सात किलोंच्या आसपास करते. पैसे जास्त पडतात, पण डोंगरावर दुसरा पर्याय नाही असं मी स्पष्ट सांगेन.

एक मोठी घेण्यापेक्षा तीसच्या दोन घ्याव्यात. एक वर चालू, एक खाली चार्ज होत असलेली, आणि डबा-पाणी घेऊन जाणारा माणूस बॅटरीही बदलून येतो. पावसाळ्यात सौर पॅनेलवर भिस्त ठेवू नये. ५ वॅटवर उतरलं की करंट निम्मा होत नाही, पण बराच कमी होतो. रात्री दोनला, नेट शांत असताना, तेवढी बचत पहाटेपर्यंत नेते.

वायरीची जाडीही बघावी. तीन मीटरची पाऊण चौरस मिलिमीटरची जोडवायर पाच अँपिअरला पाऊण व्होल्ट गिळते. अडीच चौरस मिलिमीटर वापरली की पाव व्होल्टही जात नाही. फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळच हवा.

८. रिग तापतो, म्हणून घड्याळ हवं

टॅक्सी आणि सुरक्षा सेवांतून निवृत्त झालेले मोटोरोला जीएम३०० सारखे रिग या कामाला फार चांगले. दणकट असतात, मागच्या सॉकेटवर ऑडिओ, पीटीटी (बोलण्याचं बटण) आणि सिग्नल आल्याची खूण तयार मिळते. पण ते अधूनमधून बोलण्यासाठी केलेले आहेत, सतत बोलण्यासाठी नव्हेत. २५ वॅटचा रिग १० वर चालवावा आणि मागे एक पंखा लावावा.

कंट्रोलर आर्डुइनोवर होतो. त्यात तीन गोष्टी नसतील तर पेटी वर नेऊ नये. पहिली, तीन मिनिटांनी प्रक्षेपण तोडणारा टायमर, कारण कुणाच्या तरी हँडीचं बटण सॅकमध्ये दबून राहतंच. दुसरी, टोन. आवाजासोबत ८८.५ हर्ट्झसारखा ठरलेला टोन असल्याशिवाय रिपीटर उघडता कामा नये, नाहीतर विजेच्या तारांच्या खरखरीने तो रात्रभर बोलत बसतो आणि सकाळी बॅटरी संपलेली असते. तिसरी, खालून प्रक्षेपण बंद करता येण्याची सोय. हवामानाचं निवेदन, रंगीत दिवे, स्वागताचा आवाज हे सगळं घरच्या टेबलावर ठेवावं.

९. पाऊस, वारा आणि आकाशातली वीज

रिबन केबलची गुंडाळून नेता येणारी स्लिम जिम अँटेना कोरड्या दिवशी उत्तम. ती ओली झाली की तिची जुळणी सरकते. पावसाळ्यासाठी तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळीची साधी ग्राउंड प्लेन करावी, अर्ध्या मीटरच्या पाच काड्या. फायबरची दुर्बिणीकाठी छान असते, पण गावातून घेतलेला बांबूही तितकंच काम करतो. तीन बाजूंनी ताण द्यायचे, खुंट्या कातळात जात नाहीत म्हणून मोठ्या धोंड्यांना बांधायचे. गडावर असाल तर तटबंदीला, बुरुजाला, चुन्याच्या दर्जेला हात लावायचा नाही. खिळा नाही, ड्रिल नाही, तटाच्या दगडाला ताणही नाही.

पेटी घट्ट बंद केली की पाणी आत येत नाही, पण आतला दमट श्वासही बाहेर जात नाही. सिलिका जेलच्या पिशव्या टाकाव्यात. केबल पेटीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं.

मे महिन्यातल्या वळवात आणि परतीच्या पावसात विजा पडतात. गडगडाट जवळ आला की काठी खाली घ्यावी आणि माणसांनी सोंड सोडावी. विजेपासून बचावाचा अरेस्टर लावलेला असला तरीही. दरीतल्या माणसांसाठी वर गेलेला माणूस सुखरूप परत यायला हवा.

१०. कानाची परीक्षा कानानेच

तरीही ६०० किलोहर्ट्झच्या वाटेनेच जायचं असेल, तर डुप्लेक्सर जुळवायला नॅनोव्हीएनए हे मोजणीचं छोटं यंत्र आता अनेकांकडे असतं. मोठी सोय आहे, पण त्याला साधारण ७० डेसिबलच्या पलीकडचं दिसत नाही, आणि आपल्याला त्याच्याही खाली जायचं असतं. तळ सापडल्यासारखा वाटतो तो यंत्राचा तळ असतो. शेवटची जुळणी प्रत्यक्ष करावी. दूरवरून एकाने शक्ती कमीत कमी करून अखंड बोलावं, इतकी कमी की शब्द खरखरीतून जेमतेम कळावेत. मग प्रक्षेपक एकदा बंद ठेवून ऐकावं, एकदा चालू करून. चालू केल्यावर खरखर वाढली तर रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो आहे. फरक कळेनासा होईपर्यंत स्क्रू फिरवत राहावं. लॉकनट आवळताना जुळणी सरकते, म्हणून आवळून झाल्यावर हीच परीक्षा पुन्हा.

आणि पेटी डोंगरावर नेऊन आणल्यावर पुन्हा एकदा. टेबलावर पास झालेली पेटी खडकावर आदळल्यावर नापास होऊ शकते.

११. कागद पावसाळ्याआधी

परवान्याशिवाय प्रक्षेपण करायचं नाही, संकटाच्या नावाखालीही नाही. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून वैयक्तिक परवाना मिळतो. रिपीटरची परवानगी त्याखेरीज वेगळी घ्यावी लागते, आणि जुने रिग विकत घेण्याआधी कागद हातात हवेत. अभयारण्यात वन विभागाची आणि संरक्षित गडावर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. त्यांच्या कार्यालयात जून उजाडण्याआधी जाऊन, पेटी समोर चालवून दाखवून, आपली माणसं आणि फोन नंबर नोंदवून यावं. दरड कोसळल्यावर ओळख सांगत बसायला कोणालाच वेळ नसतो, आणि तशा वेळी अनोळखी वायरलेसवाल्याला पोलिसांनी अडवलं तर त्यांची चूक नाही.

१२. पेटी दुसऱ्याला चालवता आली पाहिजे

बांधणारा माणूस त्या रात्री परगावी असू शकतो. म्हणून प्रत्येक वायरीला रंग आणि नाव, चुकीच्या जागी बसणारच नाही असा प्रत्येक कनेक्टर, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मराठीत, मोठ्या अक्षरांत चालू करण्याचा क्रम. आधी अँटेना, मग बॅटरी. अँटेना न लावता प्रक्षेपण झालं तर रिग जळू शकतो, म्हणून हे वाक्य आमच्या झाकणावर लाल रंगात आहे.

चालवणाऱ्यांनाही सवय लागते. बटण दाबल्यावर एक क्षण थांबून बोलायचं, कारण टोन ओळखून रिपीटर उघडायला वेळ घेतो आणि पहिलं अक्षर गिळतो. ‘नको’ मधला ‘न’ गेला तर काय होईल याचा विचार करावा. निरोप छोटा. समोरच्याचं संपल्यावर दोन सेकंद मोकळे, म्हणजे ज्याला तातडीचं सांगायचं आहे त्याला शिरता येतं. नेटवर एकच सूत्रधार असावा आणि त्याचं सगळ्यांनी ऐकावं, तो वयाने लहान असला तरी. आमच्याकडे कॉलेजातल्या मुली हे काम सर्वांत चांगलं करतात, कारण त्या लिहून घेतात.

रिपीटर दरीपुरताच आहे, हेही विसरू नये. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून मुख्य भूमीशी संपर्क जोडण्यात भारती प्रसाद आणि त्यांच्याबरोबर तिथे गेलेल्या हॅमनी मोलाचं काम केलं, ते शॉर्टवेव्हवर. शेकडो किलोमीटर ओलांडायचे असतील तर गाडीरस्त्याच्या टोकाला एक एचएफ स्टेशन लागेलच, आणि ते चालवणारा माणूसही.

ज्यांना हे करावंसं वाटतं त्यांनी सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी परीक्षेला बसावं. एएसओसीची, म्हणजे हौशी रेडिओ केंद्र चालवण्याच्या प्रमाणपत्राची, परीक्षा बारा वर्षांपुढच्या कोणालाही देता येते आणि अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर भरता येतो. कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी, गिर्यारोहण संस्थांनी आपल्या तालुक्यापुरती एक पेटी आणि ती चालवणारी दहा माणसं तयार ठेवावीत. आणि दरवर्षी मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, ती पेटी एकदा खरोखर सोंडेवर नेऊन दरीतल्या हँडीशी बोलून बघावं.